कुलूपबंद समुद्र

नकाशे आखणाऱ्यांनी बीड शहराची मोठी गैरसोय करून ठेवली आहे. १९ अंश उत्तर अक्षांशाची रेषा शहराच्या उत्तरेला किलोमीटर-सव्वा किलोमीटरवरून जाते आणि ७५ अंश ४५ मिनिटं रेखांशाची रेषा साधारण तेवढ्याच अंतरावरून पश्चिमेकडून. सर्व्हे ऑफ इंडियाचे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणातले नकाशे, म्हणजे ज्यांना सगळे ‘टोपोशीट’ म्हणतात ते, नेमके याच दोन रेषांवर तुटतात. त्यामुळे बीड आणि भोवतालची शिवारं एकत्र बघायची तर चार टोपोशीट लागतात: ४७ एम/१२, ४७ एम/१६, ४७ एन/९ आणि ४७ एन/१३. परळी-अंबाजोगाईकडे सरकलं की ४७ हा आकडाच सुटतो आणि ५६ बी सुरू होतं. पाणलोटाचं काम करणाऱ्याने चारही कागदांच्या कडा कापायच्या, डिंकाने जोडायच्या आणि भिंतीवर लावायच्या, अशी रीत.

पण हे कागद मिळवायचे म्हणजे त्याहून मोठं काम असे. सीमेलगतचे आणि किनाऱ्यालगतचे नकाशे संरक्षणाच्या कारणाने बंद, आणि बाकीच्यांसाठी अर्ज, ओळख, कशासाठी हवा त्याचा खुलासा. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका केल्या, एक लष्कराची आणि एक सर्वांसाठी खुली. २०१६ साली मात्र सरकारने एक मसुदा आणला. परवानगीशिवाय भूस्थानिक माहिती गोळा करणाऱ्याला किंवा वाटणाऱ्याला १ कोटीपासून १०० कोटी रुपयांपर्यंत दंड, असं त्यात होतं. ओरड झाली, मसुदा बारगळला. पुढच्याच वर्षी, सर्व्हे ऑफ इंडियाला अडीचशे वर्षं झाली त्या निमित्ताने, खुल्या मालिकेचे नकाशे इंटरनेटवरून फुकट उतरवण्याची सोय आली. अट एवढीच होती की आधार क्रमांक टाकायचा आणि दिवसाला तीनच नकाशे घ्यायचे. बीडकराला चार लागतात. म्हणजे आपलं शहर पुरतं बघायला दोन दिवस.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने भूस्थानिक माहितीचे नियम बरेच सैल केले आणि जमिनीवरचं हे कुलूप निघायला लागलं. समुद्रावरचं मात्र त्याच काळात घट्ट होत गेलं. हे प्रकरण त्या दुसऱ्या कुलपाबद्दल आहे.

बीडपासून समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटर लांब. मग मराठवाड्यातल्या वाचकाने यात का पडावं? एक कारण म्हणजे आपण वाटतो तितके कोरडे नाही. पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगवणारी मांजरा पुढे तेलंगणात गोदावरीला मिळते, आणि २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने जाहीर केलेल्या १११ जलमार्गांच्या यादीत तिचंही नाव आहे. उगमापाशी पावसाळ्यानंतर गुडघाभर पाणी टिकलं तरी नशीब, ही गोष्ट वेगळी. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नकाशाची प्रत कोणी काढावी, ती खरी आहे हे कोणी सांगावं आणि त्याचे पैसे कोणी घ्यावेत, हे तिन्ही प्रश्न तहसील कचेरीत जसे पडतात तसेच जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीतही पडतात. एका प्रश्नावर तर कचेरीने जहाजापेक्षा बरं उत्तर काढलं आहे. त्याकडे येऊच.

समुद्राचे नकाशे लपवून ठेवण्याची खोड जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगालच्या राजाकडे लिस्बनमध्ये एक मूळ नकाशा असे. नव्याने सापडलेला प्रत्येक किनारा त्यात भरायचा, आणि बाहेर त्याची प्रत जाऊ द्यायची नाही. १५०२ साली फेराराच्या ड्यूकचा हस्तक अल्बेर्तो कान्तिनो याने तरीही तो नकाशा उतरवून घेतला. त्यासाठी १२ सोन्याची नाणी मोजली गेली. वास्को द गामा कालिकतला पोचून जेमतेम चार वर्षं झाली होती, आणि भारताचा पश्चिम किनारा त्या चोरीच्या प्रतीत उतरला होता. पुढे ती प्रत हरवली. १८५९ साली मोदेना गावातल्या एका खाटकाच्या दुकानात सापडली. लिस्बनचा मूळ नकाशा आज जगात कुठेही नाही. त्या काळच्या पोर्तुगीज भूगोलाबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं या चोरलेल्या प्रतीमुळेच.

इंग्रजांनी वेगळी वाट धरली. ईस्ट इंडिया कंपनीने १७७९ साली अलेक्झांडर डॅलरिंपल यांना सागरी नकाशांच्या कामावर नेमलं. मुंबईच्या ‘बॉम्बे मरीन’मधले, म्हणजे कंपनीच्या आरमारातले, जॉन मॅक्लुअर यांनी १७८०च्या दशकाच्या अखेरीस आपला पश्चिम किनारा मोजला आणि डॅलरिंपल यांनी ते काम छापून विकलं. पुढे १७९५ साली हेच डॅलरिंपल ब्रिटिश नौदलाचे पहिले हायड्रोग्राफर, म्हणजे सागरी नकाशांचे प्रमुख, झाले. नकाशा लपवण्यापेक्षा छापून विकण्यात फायदा जास्त, हा हिशोब तेव्हापासून जगभर रुळला. आपल्याकडे १८७४ साली कोलकात्यात मरीन सर्व्हे विभाग सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली, हे कार्यालय देहरादूनला गेलं आणि १९९७पासून ते राष्ट्रीय हायड्रोग्राफिक कार्यालय म्हणून ओळखलं जातं. समुद्राचा नकाशा हिमालयाच्या पायथ्याशी तयार होतो, याचं आश्चर्य बीडकराने तरी करू नये. खोली मोजण्याचं काम नौदलाची सर्वेक्षण जहाजं करतात, आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना गोव्यातल्या राष्ट्रीय हायड्रोग्राफी संस्थेत शिकवलं जातं.

कागदी चार्टच्या काळात जहाजावर हे सगळं सेकंड ऑफिसरच्या गळ्यात असे. दर आठवड्याला ‘नोटीस टू मरिनर्स’ यायची. अमुक ठिकाणचा बोया हलवला, तमुक ठिकाणी बुडालेलं जहाज सापडलं, दिव्याचा रंग बदलला. जांभळट शाईच्या बारीक पेनाने त्या दुरुस्त्या चार्टवर उतरवायच्या आणि खालच्या कोपऱ्यात नोटीसचा क्रमांक लिहायचा. काम किचकट होतं, पण दुसऱ्या कोणावर अडून नव्हतं. शेजारच्या जहाजाकडून चार्ट मागून आणता यायचा. जहाजाची दिशा अचानक बदलली तर पुढच्या बंदरातल्या एजंटाकडून पुडकं घेता यायचं. चार्टवर चहा सांडला तरी तो वाचता यायचा.

मग पडदे आले. एक्डिस म्हणजे जहाजाच्या ब्रिजवरचं चार्ट दाखवणारं मान्यताप्राप्त यंत्र, आणि त्यात जो अधिकृत चार्ट भरायचा तो ईएनसी. आंतरराष्ट्रीय नियमांनी २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने मोठ्या जहाजांवर एक्डिस सक्तीचं केलं. फायदा खरा होता. जीपीएसने जहाजाची जागा थेट चार्टवर दिसते, उथळ पाण्याकडे निघालात तर यंत्र आधीच ओरडतं, आणि आठवड्याच्या दुरुस्त्या काही मिनिटांत भरतात.

पण फाइलची प्रत काढणं फार सोपं. म्हणून मोनॅकोतल्या आंतरराष्ट्रीय हायड्रोग्राफिक संघटनेने, म्हणजे १९२१ साली स्थापन झालेल्या आयएचओने, ‘एस-६३’ नावाची योजना आणली. ती आतून कशी चालते हे थोडं नीट पाहू, कारण पुढच्या सगळ्या तक्रारी तिथूनच निघतात.

प्रत्येक एक्डिसला बनवणाऱ्या कंपनीने एक गुप्त क्रमांक दिलेला असतो. तो पाच अक्षरांचा. कंपनी तो आपल्या किल्लीने सांकेतिक करते आणि त्यातून २८ अक्षरांची एक ओळ तयार होते. तिला ‘युजर परमिट’ म्हणतात. त्यातली पहिली १६ अक्षरं म्हणजे बंद केलेला यंत्रक्रमांक, पुढची ८ टंकनातली चूक पकडण्यासाठी, शेवटची ४ कंपनीची ओळख. ही ओळ चार्ट विकणाऱ्याकडे पाठवायची. तो उलट एक साधी मजकुराची फाइल पाठवतो. तिच्यात प्रत्येक चार्टसाठी ६४ अक्षरांची एक ओळ असते: ८ अक्षरं चार्टचं नाव, ८ मुदत संपण्याची तारीख, मग १६-१६ अक्षरांच्या दोन बंद किल्ल्या, एक चालू आवृत्तीची आणि एक पुढच्या आवृत्तीची, आणि शेवटी १६ तपासणीची. त्या किल्ल्या फक्त तुमच्याच यंत्राच्या क्रमांकाने उघडतात. चार्टची फाइल स्वतः ब्लोफिश नावाच्या पद्धतीने बंद असते. ही पद्धत ब्रूस श्नायर यांनी १९९३ साली काढली. याशिवाय प्रत्येक फाइलवर चार्ट देणाऱ्या कार्यालयाची डिजिटल स्वाक्षरी असते, आणि त्या कार्यालयाला प्रमाणपत्र दिलेलं असतं आयएचओने.

म्हणजे एकाच योजनेत दोन कामं बसवली आहेत. स्वाक्षरी सांगते की हा चार्ट अमुक कार्यालयाचा आहे आणि वाटेत कोणी त्याला हात लावलेला नाही. सांकेतिक कुलूप सांगतं की पैसे दिलेल्या यंत्राशिवाय हा कोणालाही दिसणार नाही. खलाशाला पहिलं काम हवंच आहे. त्याचा जीव मेटाकुटीला येतो तो दुसऱ्याने.

समजा परळीचा एखादा पोरगा सेकंड ऑफिसर आहे. जहाज न्हावा शेवाहून निघून अरबी समुद्रात आलं आहे आणि रात्री दोनला कंपनीचा निरोप येतो: आता आधी सांगितलं त्या बंदराला नाही, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दुसरीकडे जायचं. त्या भागाचे चार्ट कदाचित जहाजावरच्या डिस्कमध्ये आहेतही, पण बंद. उपग्रहाच्या महागड्या जोडणीवरून परमिट मागायचं, ईमेलने आलेली फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि ती एक्डिसला लावायची. एक्डिस दोन असतात, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्हींचे क्रमांक वेगळे असले तर परमिटही वेगळी. चुकून एकाची फाइल दुसऱ्यात घातली की यंत्र नकार देतं. एखादं यंत्र बिघडून बदललं तर सगळी परमिट नव्याने. नांगराचे पैसे भरून झाले तरी तो अमक्याच बैलजोडीला जुंपायचा आणि बैल बदलला की नांगर बंद, असा हा व्यवहार.

पेनड्राइव्हची आणखी एक भानगड. एक्डिस इंटरनेटपासून अलग ठेवायचं हा सुरक्षेचा नियम, पण परमिट आणि दुरुस्त्यांसाठी त्यात सतत काहीतरी खुपसावं लागतं. जहाज उद्योगाने सायबर सुरक्षेबद्दल काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत एका नव्याकोऱ्या मालवाहू जहाजाची हकिगत आहे. कागदी चार्ट मुळातच नसलेल्या या जहाजाच्या एक्डिसमध्ये व्हायरस शिरला आणि ते कित्येक दिवस बंदरातच अडकून पडलं. नुकसान लाखो डॉलरचं.

मुदतीची कटकट वेगळीच. परमिट संपायला तीस दिवस उरले की पडद्यावर इशारा. संपलं की दुसरा इशारा, आणि तो हटत नाही: या चार्टचं परमिट संपलं आहे, हा जुना असू शकतो, नौकानयनासाठी वापरू नये. आयएचओच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचीही मुदत असते. ती संपली आणि नवं प्रमाणपत्र भरलेलं नसलं की चार्ट चांगला असूनही यंत्र त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. खरं सांगायचं तर योजनेने इथे थोडी माणुसकी दाखवली आहे. परमिट संपलं म्हणून चार्ट पडद्यावरून गायब होत नाही, नुसती नवी दुरुस्ती घ्यायचं बंद होतं. पण जुना चार्ट दाखवत राहायचं आणि दुरुस्ती अडवायची, म्हणजे माणसाला वाचवू शकेल नेमकं तेच अडवायचं. आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावरचे चार्ट अद्ययावत असायलाच हवेत, आणि बंदरात तपासणीला आलेला अधिकारी हेच पाहतो. कायदा म्हणतो अद्ययावत ठेव, कुलूप म्हणतं आधी पैसे भर.

विक्रीच्या बाजूनेही नवनवे मार्ग निघाले. ‘जितकं फिराल तितकं भरा’ अशी एक पद्धत आहे. सगळे चार्ट उघडून दिले जातात आणि जहाज खरोखर कुठून गेलं हे पाहून बिल येतं. सोय मोठी, शंका नाही. पण त्यात नकाशा विकणाऱ्याला जहाजाची वाट कळत राहते. कागदी चार्टने कधी आपल्या मालकाची चुगली केली नव्हती.

सर्वांत बिकट अवस्था छोट्या बोटींची. स्वतःच्या खर्चाने शिडाची बोट चालवणारे, हौशी, किनाऱ्यालगत फिरणारे. त्यांच्यात ओपनसीपीएन नावाची मुक्त प्रणाली लोकप्रिय आहे. फुकट आहे आणि तिचा सगळा कोड कोणीही वाचू शकतो. अडचण इथेच. एस-६३ ची सगळी भिस्त कंपनीने एक किल्ली गुप्त ठेवण्यावर आहे, आणि ज्याचं सगळंच उघडं आहे त्याने गुप्त किल्ली ठेवायची कुठे? शेवटी त्या लोकांनी कुलूप उघडणारा भाग वेगळा आणि बंद ठेवून वाट काढली. लॅपटॉप बदलला की परमिटचा घोळ त्यांनाही चुकत नाही.

एवढा सगळा बंदोबस्त भक्कम तरी आहे का? चार्टची किल्ली ४० बिटांची आहे, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. आकडा अवाढव्य वाटतो, पण आजच्या संगणकशास्त्रात एवढी किल्ली कच्ची समजली जाते. थोडी यंत्रं आणि चिकाटी असलेल्याला ती अशक्य नाही. म्हणजे पक्क्या चोराची तेवढी अडवणूक नाही आणि रात्री दोनला परमिटची वाट पाहणाऱ्या सेकंड ऑफिसरची पुरेपूर आहे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती पोकळ नाही. बनावट चार्ट ही खरी डोकेदुखी आहे. ब्रिटिश हायड्रोग्राफिक कार्यालयाने बनावट कागदी चार्टबद्दल जहाजांना इशारे दिले आहेत, कारण नकली चार्टवर दुरुस्ती झालेली नसते आणि तो वापरणाऱ्याला ते ठाऊक नसतं. समुद्रतळ मोजणंही स्वस्त नाही. सर्वेक्षण जहाज दिवसेंदिवस एकाच पट्ट्यात मागे-पुढे फिरतं, गाळ सरकतो, बंदरं खोदली जातात, पुन्हा मोजावं लागतं. ब्रिटिश कार्यालय मुख्यतः चार्ट विकून स्वतःचा खर्च भागवतं. फुकट दिलं तर मोजणी कोण करणार, हा त्यांचा प्रश्न.

अमेरिकेने त्याचं सरळ उत्तर दिलं. तिथल्या कायद्याप्रमाणे संघराज्य सरकारच्या कामाला कॉपीराइटच नाही. म्हणून तिथली नोआ ही संस्था अमेरिकी पाण्याचे ईएनसी कोणत्याही कुलपाशिवाय फुकट देते. कोणीही उतरवावेत, कोणत्याही प्रणालीत घालावेत. मोजणीचा खर्च करातून जातो. यामुळे तिथे बनावट चार्टचा सुळसुळाट झाला नाही. फुकट मिळणाऱ्या अस्सल मालाची नकल करून विकण्यात कोणाचा फायदा?

भारतात सरकारी नकाशाला प्रकाशनापासून ६० वर्षं कॉपीराइट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम घातलं गेलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्यातला ‘हेतूने’ हा शब्द मोलाचा आहे. कायदेशीर कामासाठी कुलूप उघडणाऱ्याला ते कलम लागू होत नाही. पण ही वकिली चर्चा ब्रिजवर कोण करत बसणार? देहरादूनचे ईएनसी एस-६३ च्या कुलपातच मिळतात.

आता पुन्हा बीड जिल्ह्यात. पीक विम्याचे दिवस आले की गेवराईपासून आष्टीपर्यंत प्रत्येक सेवा केंद्रावर सातबाऱ्यासाठी रांग लागते. पूर्वी तो तलाठ्याच्या हातून, गोल शिक्का आणि सही घेऊनच मिळायचा. तलाठी सजावर भेटला तर. १ मे २०१८ पासून राज्याने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू केला. १५ रुपये भरायचे, फाइल उतरवायची. खाली लिहिलेलं असतं की हा उतारा डिजिटल स्वाक्षरीचा आहे, वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही, आणि एक पडताळणी क्रमांक दिलेला असतो. बँकेच्या साहेबाला शंका आली तर त्याने तो क्रमांक संकेतस्थळावर टाकायचा, खरा उतारा समोर येतो.

यात प्रत काढायला कसलीही आडकाठी नाही, हे नीट पाहण्यासारखं आहे. ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे गेलेला माणूस फडातून भावाच्या मोबाइलवर ती फाइल पाठवतो, भाऊ केजच्या केंद्रावर तिची छापील प्रत काढतो, बँकेला तिचीही झेरॉक्स देतो. उतारा कोणत्या फोनवर उघडला, किती फोनवर उघडला, याची सरकारला पर्वा नाही. कोणी झेरॉक्सवर खाडाखोड करून क्षेत्र वाढवलंच, तर पडताळणी क्रमांक त्याला उघडं पाडतो. बनावट रोखायला प्रत रोखावी लागत नाही, हे महसूल खात्याने करून दाखवलं. या खात्याचं कौतुक करायची वेळ फार वेळा येत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

स्वाक्षरीने सगळं साधतं असंही नाही. १७ जानेवारी २०१३ रोजी अमेरिकी नौदलाचं ‘गार्डियन’ हे सुरुंगशोधक जहाज फिलिपिन्सच्या तुब्बताहा प्रवाळबेटांवर चढलं. त्यांच्याकडचा डिजिटल चार्ट अधिकृत होता, सरकारी होता, आणि त्यात प्रवाळाची जागा सुमारे आठ सागरी मैलांनी, म्हणजे जवळजवळ पंधरा किलोमीटरने चुकलेली होती. चौकशीत अधिकाऱ्यांच्या गफलतीही निघाल्या, पण चार्ट चुकीचा होता हे खरंच. जहाज शेवटी जागेवरच कापून काढावं लागलं. स्वाक्षरी सांगते कागद कोणी दिला. कागदावर लिहिलेलं खरं आहे का, याची हमी ती देत नाही. सातबाऱ्याचंही तेच. डिजिटल स्वाक्षरीचा, पडताळणीला उतरणारा उतारा, आणि त्यात आजोबांचं नाव चुकलेलं किंवा एक गुंठा गायब. लेखनातल्या अशा चुकांसाठी जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे, आणि तहसीलमध्ये त्याच्या अर्जांचे गठ्ठे आहेत.

पण चूक सापडण्याची शक्यता कुठे जास्त? दहा जणांनी पाहिलेल्या कागदात की कुलपात ठेवलेल्या? गावातल्या भांडणात क-प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, वाड्यावर पसरून चार म्हाताऱ्यांनी बोट ठेवून ‘हा बांध इथं नव्हता’ म्हटलं की मोजणीतली गफलत बाहेर येते. हर्णैच्या किंवा ससून डॉकच्या तांडेलाला आपल्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा यंदा कुठे सरकला हे ठाऊक असतं. त्याच्या मोबाइलमध्ये अधिकृत चार्ट नसतो. एक्डिस त्याला परवडत नाही आणि एक्डिसशिवाय परमिट मिळवून करायचं काय? मग ज्याच्याकडे ताजी माहिती आहे त्याला चार्ट दिसत नाही आणि ज्याला चार्ट दिसतो तो त्या खाडीत वर्षातून एकदा येतो.

एस-६३ ची पिढी आता उतरणीला लागली आहे. तिच्या जागी एस-१०० हे नवं मानक येतंय. १ जानेवारी २०२६ पासून जहाजांना नव्या मानकाचं एक्डिस बसवण्याची मुभा मिळाली, आणि १ जानेवारी २०२९ पासून बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या एक्डिसला ते सक्तीचं आहे. ब्लोफिश जाऊन एईएस ही भक्कम पद्धत आली, किल्ली ४० ऐवजी १२८ बिटांची झाली. परमिट मात्र अजून यंत्रालाच बांधलेलं आहे. तरीही एक बदल मोठा आहे. नव्या मानकात प्रत्येक फाइलवर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची आहे, आणि कुलूप लावायचं की नाही हे चार्ट देणाऱ्या देशाच्या मर्जीवर सोडलं आहे. जी दोन कामं एस-६३ ने एकत्र बांधली होती ती सुटी झाली.

म्हणजे निर्णय आता देहरादूनला घ्यायचा आहे. आपल्या किनाऱ्याची मोजणी नौदलाची जहाजं सरकारी पैशांतून करतात. निदान कोकण किनाऱ्याचे आणि खाड्यांचे चार्ट स्वाक्षरी ठेवून, कुलूप काढून, कोणाच्याही फोनवर उघडतील असे द्यावेत. बालाघाटचे नकाशे खुले केल्याने देशाचं काही बिघडलं नाही, बाणकोटच्या खाडीचे केल्यानेही बिघडणार नाही.